माझ्या फोटोंत माणसं का नसतात

तुम्ही विचारलंत म्हणून. मंडळाच्या गणपतीत विचारलंत, मावशीनं आईच्या फोनवरून विचारलं, आणि गेल्या दिवाळीत एका काकांनी फराळाची ताटली हातात धरून जरा मोठ्यानंच विचारलं, "अगं, नऊ वर्षं टोकियोत आहेस, दर रविवारी कॅमेरा घेऊन भटकतेस, आणि फोटो बघावेत तर पूल, सायकली, विजेच्या तारा. जपानात माणसं राहत नाहीत का?"

राहतात. आणि माझी उत्तरं ठरलेली आहेत. इथं लोकांना आवडत नाही, हे पहिलं. दुसरं फोनचं: इथं घेतलेला फोन कितीही मुका केला तरी फोटो काढताना वाजतोच. तसा कायदा नाही, चोरून फोटो काढणाऱ्यांमुळे कंपन्यांनीच पाडलेली रीत. तिसरं उत्तर २०२४ पासूनचं. फुजिकावागुचिको गावानं दुकानामागचा फुजी पर्वत टिपणाऱ्या पर्यटकांना कंटाळून अडीच मीटर उंच, वीस मीटर लांब काळी जाळी लावली, तर लोकांनी तिलाच भोकं पाडली. यावर सगळे हसतात आणि विषय बदलतो.

तिन्ही उत्तरं खरी आहेत. माझं कारण त्यांत नाही.

२०१७चा फेब्रुवारी, झोजोजीचं देऊळ. मागे ३३३ मीटरचा टोकियो टॉवर, तो फोटो सगळेच काढतात, मीही काढला. थंडीनं कॅमेऱ्याची बॅटरी बसली म्हणून फोन हातात घेतला आणि बाजूच्या वाटेला लागले. तिथं जिझो या बोधिसत्त्वाच्या छोट्या दगडी मूर्ती ओळीनं उभ्या आहेत. डोक्यावर लाल टोपडी, गळ्यात लाल लाळेरी, शेजारी भिरभिरी. वारा आला की सगळी भिरभिरी एकदम फिरतात. मला वाटलं, किती गोड!

एक बाई उकिडवी बसून एका मूर्तीचं टोपडं बदलत होती. जुनं काढून तिनं घडी घालून पिशवीत ठेवलं. नव्याची नाडी बांधता येईना, म्हणून हातमोजे काढले. मी चार पावलं पुढे गेले. खटॅक.

ती वळली. चिडली असती तर बरं झालं असतं. उठली, किंचित वाकली, म्हणाली, "सुमिमासेन, शाशिन वा, चोत्तो..." माफ करा, फोटो म्हणजे, जरा... वाक्य तिथंच सोडलं. जपानीत असं अर्धं वाक्य म्हणजे पुरा नकार, एवढं तोवर मला कळत होतं. मी तिच्यासमोर फोटो पुसला. तिनं उलट माझेच आभार मानले.

आणि परतीच्या मेट्रोत मी तो परत आणला. पुसलेले फोटो फोन काही दिवस जपून ठेवतो. रात्री फेसबुकवर टाकला, 'आईपण सगळीकडे सारखंच' अशी ओळ लिहून. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बदाम दिलेत.

दोन दिवसांनी ऑफिसात शेजारी बसणाऱ्या बाईंना कौतुकानं दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग हळू आवाजात सांगितलं. पोटातच गेलेली, जन्मताच गेलेली बाळं. आईबापाआधी गेली म्हणून त्यांना परलोकाची नदी ओलांडता येत नाही, काठावर दगडावर दगड रचत बसतात. जिझो त्यांना आपल्या बाह्यांत लपवतो. सगळ्याच मूर्ती त्यासाठी नसतात, हयात मुलांसाठीही असतात, असंही म्हणाल्या. मला बरं वाटावं म्हणून असेल.

पोस्ट तासाभरात काढली. मला माहीत नव्हतं हो! पण ती नको म्हणाली होती, ते तर माहीत होतं.

२०१७ची मी अजून भांडते. म्हणते, वारीत परदेशी लोक आपल्या म्हाताऱ्यांच्या सुरकुत्यांवर लेन्स रोखतात, तेव्हा कोण विचारतं? विचारून काढावा, तर माणूस दोन बोटं वर करून हसतो आणि जे बघून आपण थांबलो ते गेलेलं असतं. तिच्याशी वाद घालायला माझ्याकडे फारसं काही नाही. आताचे माझे फोटो अळणी आहेत, हे काकांनी सांगायला नको.

तो फोटो पुसला का, हे मात्र कुणी विचारत नाही. हार्ड डिस्कवर आहे. दोनदा पुसायला घेतला. थंडीनं लाल झालेली बोटं, नाडीची गाठ अर्धी मारलेली, फोकस नेमका तिथं. चांगला फोटो आहे तो, त्याला मी काय करू?