माझी माणसं तुमच्याकडे का बघत नाहीत

तुमच्या चित्रातली माणसं आमच्याकडे का बघत नाहीत, असं मला प्रदर्शनात विचारतात, लग्नात विचारतात, बँकेच्या रांगेतही विचारून झालंय. बरेच जण उत्तरासाठी थांबतही नाहीत: अजिंठ्याचा प्रभाव असणार, जवळच आहे ना! परभणीहून ते किती जवळ आहे हे एकदा एसटीनं जाऊन बघा.

हे उत्तर सुरुवातीला मीच वाटत फिरलोय, हेही खरं. तिथल्या चित्रातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचं नाव घेतलं की समोरचा मान डोलावतो आणि आपण सुटतो. पण पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचे डोळे झुकलेत ते करुणेनं. माझ्या माणसांत ती करुणा शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. सतराव्या लेण्यात यशोधरा आणि राहुल त्या प्रचंड बुद्धाकडे मान वर करून बघतात. त्या तिघांचं आपसातलं चाललेलं असतं, तुमची-आमची तिथं गरजच नाही. माझी माणसं तर एकमेकांकडेही बघत नाहीत. तेव्हा त्या काळातल्या मला आज एवढंच सांगणं आहे: अजिंठ्याला यात ओढू नकोस.

कारण एका घरातलं आहे. गाव सांगणार नाही.

तेव्हा मी फोटोवरून तैलचित्रं करायचो. गेलेल्या माणसाचा पासपोर्ट फोटो घ्यायचा, चेहरा त्यावरून, सदरा अंदाजानं, फेटा की टोपी ते घरच्यांना विचारून. बरा चालायचा धंदा. पुढं फ्लेक्स आले आणि संपला. पासपोर्ट फोटोत माणूस सरळ कॅमेऱ्यात बघतो, म्हणून चित्रातही तो सरळ बघतो. बुबुळं मधोमध ठेवली आणि पांढरा ठिपका नीट बसला की खोलीत कुठंही उभे राहा, तो तुमच्याकडेच बघतो. यात जादू नाही. जिवंत माणसाच्या बाजूला सरकलात तर त्याचा दुसरा गाल दिसतो, कान दिसतो. सपाट चित्रात तसं काही उघडत नाही, म्हणून नजरही हलत नाही. गिऱ्हाईक मात्र यावरच खूश असायचं.

त्या घरातली मुलंही खूश झाली. "जितंच उतरवलं की हो पेंटर! कुठूनबी बघा, बापू बघायलेतच." बैठकीत, दारासमोरच्या भिंतीवर चित्र लागलं, हार पडला. मी चहाला थांबलो होतो. काकू आतून कपबशा घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. ट्रे एका हातावर तोलून त्यांनी पदर डोक्यावर ओढला, मग भिंतीकडं पाठ करत, कडेकडेनं माझ्यापर्यंत आल्या. बैठकीत परकं कुणी नव्हतं. दोन्ही लेक आणि मी. माझ्यासमोर तर त्या आठवडाभर उघड्या डोक्यानं वावरल्या होत्या.

मुलं बाहेर गेल्यावर म्हणाल्या, "दादा, ह्यांचे डोळे जरा दाराकडं करता येतील का?"

मी म्हणालो, मुलांना आवडलंय.

"त्यांना आवडंलच. त्यांच्याकडं कुठं बघत होते ते."

आपल्याकडे शेंदराच्या दगडाला चांदीचे डोळे बसवले की देव बघायला लागतो. त्यानं आपल्याला बघावं म्हणूनच तर लोक दर्शनाला जातात. मी बापूंना डोळे बसवले होते. पण या घरात त्यांनी बघावं, असं सगळ्यांनाच वाटत नव्हतं.

वार्निशचा एक हात राहिलाय असं सांगून मी चित्र परत आणलं. बुबुळं सरकवली, ठिपका घालवला. मुलांना नेमकं काय बदललं ते कळेना, पण "जीव गेला यातला" म्हणत त्यांनी उरलेले पैसे दिले नाहीत. काकूंची नि माझी त्यानंतर गाठ नाही. तेव्हापासून सरळ बघणारा चेहरा मी रंगवलेला नाही. खाली घातलेले डोळे काढायला सोपे, म्हणून काढतो, असंही काही पेंटर म्हणतात. सोपे असतात हे खरं आहे.

हे सगळं मी कला महाविद्यालयातल्या एका मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "सर, बापूंची नजर तुम्ही वळवलीत. काकूंना कधी बघायला लावलंत? तुमच्या चित्रांत बायकाही खालीच बघतात." मग तिनं मोबाइलवर एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराचं 'ऑलिंपिया' काढलं, पलंगावर पहुडलेल्या नग्न बाईचं चित्र. १८६५ साली पॅरिसमध्ये या चित्रावर गदारोळ झाला, त्यात त्या बाईच्या सरळ रोखून बघण्याचा मोठा वाटा होता. मी म्हणालो, ऑलिंपियाला संध्याकाळी त्या घरात भाकरी थापायच्या नव्हत्या.

मला हे उत्तर अजून पटतं. तिला पटलं नाही. काकूंना तरी विचारलंत का, म्हणाली. नाही विचारलं.