रक्त आज नको, नाव द्या

७ मे २०२५ रोजी पुण्यात विधानभवनाच्या आवारात नागरी संरक्षणाचा सराव झाला, आणि दोनच दिवसांत आमच्या रक्तपेढीच्या जिन्यापर्यंत रांग लागली. ऑपरेशन सिंदूरनंतर सीमेवर तोफा धडधडत होत्या. एरवी मे महिन्यात आम्ही रक्तदात्यांच्या विनवण्या करत असतो, कारण महाविद्यालयांना सुट्टी असते आणि निम्मे शहर गावी गेलेले असते. वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र सुट्टी नसते.

रांग पाहून वरिष्ठ हरखले. मला काळजी वाटली. सीपीडीए (रक्त गोठू न देणारे द्रावण) असलेल्या पिशवीतल्या लाल पेशी ३५ दिवस टिकतात, प्लेटलेट अवघे पाच दिवस. सगळ्यांचे रक्त त्याच दिवशी घेतले असते, तर उरलेल्या पिशव्या जूनच्या मध्याला फेकून द्याव्या लागल्या असत्या. शिवाय पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिने पुन्हा रक्त देता येत नसल्यामुळे, युद्ध खरोखर लांबले असते तर हेच धडधाकट लोक ऐन वेळी बाद ठरले असते. घेतलेले रक्त लगेच चढवताही येत नाही. एचआयव्ही, दोन प्रकारच्या काविळी, सिफिलिस आणि मलेरिया यांच्या तपासण्या व्हाव्याच लागतात. म्हणून मी गरजेपुरतेच दाते निवडले आणि बाकीच्यांची नावे रक्तगटासह लिहून घेऊ लागले.

"देशासाठी रक्त द्यायला आलोय आणि तुम्ही परत पाठवता?" असे म्हणत एक तरुण तावातावाने निघून गेला. त्याच्या मंडळींनी फलकही आणला होता. छायाचित्र हुकल्याचे दुःख त्यात किती होते, हे मी सांगू शकत नाही, पण होते.

त्याच रांगेत सोसायटीतल्या लोकांना घेऊन आलेले एक निवृत्त सुभेदार होते. त्यांचे वय पासष्टच्या पुढे असल्यामुळे त्यांचे रक्त घेता येणार नव्हते. त्यांनी शांतपणे विचारले, "मॅडम, वीज गेली तर जनरेटरला डिझेल किती तासांचे आहे? आणि ब्लॅकआउट झाला, तर उजेड बाहेर दिसू नये म्हणून ही रस्त्याकडची खिडकी कशी झाकणार?" डिझेलचा आकडा ऐकून ते काही बोलले नाहीत. खिडकीसाठी मात्र त्यांनी पोरांना पिटाळून काळे कार्डशीट आणवले. ते काचांवर चिकटवताना, रक्ताचे तापमान २ ते ६ अंश राखणाऱ्या शीतकपाटामागची जाळी मोकळी ठेवा, असे मला दोनदा ओरडून सांगावे लागले. गट तपासताना नळीतल्या गुठळ्या नीट दिसायला भरपूर उजेड लागतो, म्हणून तपासणीचे टेबल आम्ही बिनखिडकीच्या सामानखोलीत हलवले. इतकी वर्षे हे आमच्यापैकी कोणाला सुचले नव्हते, कारण आमच्या आपत्कालीन आराखड्यात फक्त दूरध्वनी क्रमांक होते.

माझी यादी त्यांनी चाळली आणि म्हणाले, "ही रक्तगटानुसार आहे, गल्लीनुसारही करा. रात्री दिवे बंद असतील, फोन लागणार नाहीत, तेव्हा चालत कोण येईल?"

दुसऱ्याच दिवशी, १० मे रोजी, संध्याकाळी शस्त्रसंधी झाली. डिझेलसाठीचा अर्ज अजून वरिष्ठांच्या टेबलावर आहे. गल्लीवार यादी मात्र मी पूर्ण केली. ऐन वेळी कोणालाही देता येणाऱ्या ओ निगेटिव्ह रक्ताचे दोनच दाते पेढीपासून चालत येण्याच्या अंतरावर राहतात, आणि त्यांतले एक गृहस्थ वर्षातले सहा महिने कॅनडात मुलाकडे असतात.