आमची वाटचाल: डी-७६ पासून डी-७६ पर्यंत

सांगलीत कृष्णधवल रोल धुण्याचं काम आम्ही डी-७६ वर सुरू केलं. कोडॅकचा हा १९२७ सालचा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन. फॉर्म्युला उघड आहे, रसायनं सुटी घेऊन घरी बनवता येतो. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. ५० अंशांच्या ७५० मिली पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल. ते पूर्ण विरघळलं की उरलेलं सल्फाइट आणि बाकीचं. सगळं सल्फाइट आधी पडलं तर मेटॉल विरघळत नाही, पांढरा साका बसतो. बरणीवर ‘निर्जल’ लिहिलंय ना, हेही बघायचं. खड्यांच्या सल्फाइटचं निम्मं वजन पाण्याचंच असतं, ते २०० ग्रॅम घ्यावं लागतं.

खरी अडचण उन्हाळ्यात आली. एचपी-५ प्लस या ४०० आयएसओच्या (जास्त प्रकाशसंवेदी) फिल्मला न पातळ केलेल्या डी-७६ मध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. मे महिन्यात टाकीचं पाणी तिशीच्या वर असतं. बर्फाच्या घमेल्यात बाटल्या ठेवल्या तरी २४ अंशांवरच थांबावं लागतं, आणि तिथे वेळ सव्वापाच मिनिटांवर येते. एवढ्या कमी वेळात ओतायला-काढायला लागणारे पंधरा सेकंदही नडतात. मोकळ्या आभाळात पट्टे उमटतात. म्हणून १+१ वर आलो, म्हणजे एक भाग डी-७६ ला एक भाग पाणी. २० अंशांना ११ मिनिटं, २४ ला साधारण पावणेआठ. हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाचं ठेवायचं.

मधे एकच देखावा पूर्ण रोलवर काढून, अंधारात तीन तुकडे करून रोडिनल आणि एक्सटॉल हे दुसरे डेव्हलपरही लावून पाहिले. रोडिनल १८९१ चं. उघडलेली बाटली तपकिरी होते तरी वर्षानुवर्षं चालते. चित्राची धार छान, पण ४०० च्या फिल्मवर ग्रेन (चित्रातले दाणे) ठळक आणि सावल्या तपशिलाविना रिकाम्या. शिवाय १+१०० करताना ३०० मिलीच्या टाकीत मूळ द्रव जेमतेम ३ मिली जातो, निगेटिव्ह फिकी येते. रोलमागे ५ मिली तरी हवाच. सावल्यांचा तपशील एक्सटॉलने सर्वांत चांगला दिला, ग्रेनही बारीक. पण तो ५ लिटर एकदम कालवावा लागतो आणि रंग न बदलता अचानक निकामी होऊन दगा देतो. ग्राहकाचा लग्नाचा रोल त्याच्या भरवशावर टाकीत सोडणं आम्हाला पटलं नाही.

डी-७६ सुद्धा जुना झाला की अल्कली वाढून कॉन्ट्रास्ट चढवतो. त्यामुळे आता तो लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरतो, १+१ एकदाच वापरून फेकतो. कालवायला आणि शेवटच्या धुण्याला डिस्टिल्ड पाणी. बोअरच्या पाण्याचे क्षार निगेटिव्हवर पांढरे डाग सोडतात आणि ते पुसताना ओरखडे पडतात. ५० आयएसओच्या संथ (कमी प्रकाशसंवेदी) फिल्मला मात्र अजून रोडिनल १+५० च लावतो.