लेझर गनला वजन हवं

विज्ञानपटातली बंदूक पडद्यावर खोटी पडते ती नटाच्या मनगटात. फोमची बंदूक भरते तीनशे-चारशे ग्रॅम. ती घेऊन नट गर्रकन वळला की हात विनासायास फिरतो, आणि तीन-चार किलोचं शस्त्र असं फिरत नाही हे प्रेक्षकाला कुणी सांगावं लागत नाही. त्यावर कितीही निळे दिवे लावा, काही उपयोग नाही.

जुन्या चित्रपटांना हे वजन आयतं मिळालं. ‘स्टार वॉर्स’मधल्या (१९७७) स्टॉर्मट्रूपरांच्या हातात मुळात ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगन होती, हान सोलोचं पिस्तूल माउझर सी-९६वर बेतलेलं. ‘एलियन्स’मधली (१९८६) पल्स रायफल थॉम्पसन आणि रेमिंग्टन शॉटगन जोडून तयार केली होती. आपण त्या वाटेला जाऊ नये. १९९३ साली ‘द क्रो’च्या सेटवर ब्रँडन लीचा जीव गेला तो खऱ्या रिव्हॉल्वरच्या नळीत अडकून राहिलेल्या शिशाच्या टोकामुळे, मागून बिनगोळीचं काडतूस उडालं आणि त्या दाबाने ते टोक सुटलं. लेझरचा झोत आणि आवाज तसेही नंतरच घालायचे असतात. मग खरी नळी सेटवर आणायचीच कशाला?

वजनासाठी बांधकामाची १२ मिलिमीटरची सळी घ्या. मीटरला ती ८८८ ग्रॅम भरते. साठ सेंटिमीटरचे दोन तुकडे पोटात घातले की किलोवर वजन आलंच. सळी मागे दस्त्याकडे सरकवू नका; तोल ट्रिगरच्या किंचित पुढे यायला हवा, म्हणजे नटाचा डावा हात आपोआप नळीखाली जातो. सळीचा सांगाडा करून त्यावर आकार चढवणारी पोरं गोव्यात वाड्यावाड्यांवर आहेत. ज्यांनी दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्यांचे फिरते हात आणि पेटते डोळे केलेत, त्यांना हे काम समजावून सांगावं लागत नाही.

आकारासाठी १० मिलिमीटरचा ईव्हीए फोम (चपलांच्या तळाला असतो तसला), वरच्या पट्ट्यांना ५ आणि २ मिलिमीटरचा. कापल्यावर हीट गन फिरवा. पृष्ठभागावर हलकी चकाकी आली की छिद्रं मिटली. पांढऱ्या सुतारी गोंदाचे थर देऊन फोम बंद करण्याची पद्धत आहे, पण तो साधा गोंद घामाने पुन्हा मऊ होतो आणि दस्ता चिकट लागतो. रबरी कोटिंगच द्यावं. थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए हे प्लास्टिक टाळा, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात पणजीत मिरामारला उन्हात उभ्या केलेल्या गाडीत अशी नळी ठेवली तर ती वाकायला फार वेळ लागत नाही. जास्त उष्णता सोसणारं पीईटीजी प्लास्टिक वापरा.

पावसाळ्यात खरा त्रास सोल्युशनचा, म्हणजे फोम जोडायच्या रबरी गोंदाचा. दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं थांबलात तरी जोड सुटतो. त्यातलं द्रावक उडताना पृष्ठभाग थंड करतं, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पांढुरका थर धरतो. त्या थरावर दाबलेला जोड म्हणजे पाण्यावर दाबलेला जोड. जोडण्याआधी हीट गनने हलका शेक द्या. लॅकरचा स्प्रेही जुलैत असाच पांढरा पडतो.

आता दिवे. लाल एलईडी, ३.७ व्होल्टची १८६५० आकाराची लिथियम बॅटरी, मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर: एवढं पुरतं. निळ्या एलईडीलाच तीन व्होल्टच्या वर लागतात, त्यामुळे बॅटरी उतरत जाते तसा तो मंदावतो आणि सकाळचा शॉट संध्याकाळच्या शॉटला जुळत नाही. त्याला स्थिर करंटचा ड्रायव्हर घाला. दिव्यांसाठी आर्दुइनो उनोसारखा छोटा कंट्रोलर बोर्ड वापरलात तर त्याच्या बहुतेक पिनांवरचा पीडब्ल्यूएम, म्हणजे दिवा वेगाने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करण्याची पद्धत, ४९० हर्ट्झचा असतो. डोळ्याला तो दिसत नाही, कॅमेऱ्यात मात्र पट्टे उमटतात. नळीच्या तोंडचा झगझगाट किमान ८० मिलिसेकंद ठेवा, म्हणजे २४ फ्रेमच्या हिशेबाने जवळजवळ दोन फ्रेम. त्याहून छोटा असला तर अर्ध्याच फ्रेमवर उजेड दिसू शकतो. हा उजेड नटाच्या गालावर पडायला हवा. नंतर घातलेला झोत त्याच आधारावर खरा वाटतो.

एक बंदूक कधीच पुरत नाही. जवळून दिसणारी एक, धावपळीला सळीविना हलकी एक, आणि पडण्या-आपटण्यासाठी रबराची एक. तिन्ही एकाच दिवशी, एकाच डब्यातल्या रंगाने रंगवा. दशावतारी लाकडी तलवारीला स्वतःच्या अंगाचं वजन देतो आणि आपण ते मानतो. क्लोज-अपमध्ये नटाला ती सवलत नाही, दस्त्याची झीजसुद्धा दिसते. म्हणून कडांवर काळ्या रंगावरून ग्रॅफाइट चोळा, पण बोटं लागतात तिथेच.

पणजीतल्या फोंताइन्याससारख्या वस्तीत रस्त्यावर चित्रीकरण असेल तर परवानगीसोबत पोलीस ठाण्याला शस्त्रांचे फोटो आधीच द्या. दाबोळी किंवा मोपा विमानतळावरून नेताना खोटी बंदूकही केबिन बॅगेत चालत नाही. पॅकअपनंतर बॅटऱ्या काढून ठेवा. खाऱ्या हवेत बॅटरीच्या खाचेतल्या पितळी पत्त्या हिरव्या पडतात, आणि झाकणाच्या चुंबकावरचा निकेलचा मुलामा खरवडला असेल तर चुंबकही गंजतो. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्याने बदला.