सॅम्युएल पीप्सचं ऑफिस शोधताना: सीदिंग लेन ते चॅथम

लंडनच्या टॉवर हिल स्टेशनातून बाहेर पडलं की पाच मिनिटांवर सीदिंग लेन. सतराव्या शतकात इंग्लंडच्या आरमाराचं ऑफिस इथे होतं. १६६० मध्ये सॅम्युएल पीप्स, पुढे आपल्या डायरीमुळे प्रसिद्ध झालेला, इथे वर्षाला ३५० पौंड पगारावर लागला. ती इमारत १६७३ साली जळाली. आता तिथे बाग आहे आणि पीप्सचा अर्धपुतळा. लोक डायरीवाल्याचा फोटो काढतात आणि पुढे जातात. मला मात्र त्याची नोकरी बघायची होती.

तो जन्मजात राजनिष्ठ वगैरे नव्हता. राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद त्याने शाळकरी वयात पाहिला, तेव्हा तो खूशच होता. पुढे त्या राजाच्या मुलाला, दुसऱ्या चार्ल्सला, गादीसाठी हॉलंडहून आणायला गेलेल्या ‘नेसबी’ जहाजावरही तो होता. त्याच सफरीत जहाजाचं नाव ‘रॉयल चार्ल्स’ झालं. राजनिष्ठा नोकरीबरोबर आली, पण टिकली. १६८९ मध्ये त्याने पद सोडलं, नव्या राजाराणीची शपथ काही घेतली नाही. आपली मुंबईही त्याच्या डायरीत आहे: दुसऱ्या चार्ल्सच्या लग्नात आंदण दिलेलं बेट पोर्तुगीज ताब्यात देईनात, म्हणून मे १६६३ मध्ये तो चरफडतो.

शेजारच्या सेंट ओलेव्ह चर्चमध्ये त्याची कबर आहे. बायको एलिझाबेथचा पुतळा भिंतीवर उंच आहे, मान वर करूनच शोधावा लागतो.

चॅथम म्हणजे आरमाराच्या जुन्या गोदीचं गाव; तिथे जायला लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून जलद गाडी पकडावी. गोदीतला ३४६ मीटर लांब दोरखाना जरूर पाहा, पण तो अठराव्या शतकातला; पीप्सच्या खात्यात धरू नका. त्याच्या काळासाठी मेडवे नदीपलीकडचा अपनॉर किल्ला गाठावा. इंग्लंड-डच युद्धात, जून १६६७ मध्ये, डच आरमार नदीतली साखळी तोडून इथवर आलं. तिजोरी रिकामी म्हणून मोठी जहाजं त्या वर्षी समुद्रावर काढलीच नव्हती, ती नदीत बांधून ठेवलेली. खलाशांना पगाराऐवजी तिकीट मिळे, म्हणजे नोकरीचा काळ लिहिलेला कागद. तो लंडनला नेऊन वटवायचा, पण तिथेही रोकड नसे. मग पोटासाठी तोच कागद पडेल भावात विकायचा. परिणाम पीप्सनेच नोंदवला आहे: डच जहाजांवरून इंग्रज खलाशी ओरडत होते की आधी तिकिटांसाठी लढलो, आता डॉलरसाठी, म्हणजे रोख चांदीच्या नाण्यांसाठी, लढतो. ‘रॉयल चार्ल्स’ डचांनी ओढून नेलं. त्याच्या मागच्या भागावरचं कोरीवकाम ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. पीप्सने तेव्हा काय केलं? बायको आणि वडिलांबरोबर १,३०० पौंडांचं सोनं गावी पाठवून दिलं.

मार्च १६६८ मध्ये याच कारभाराबद्दल संसदेत तीन तास बोलून त्याने ऑफिसची बाजू सांभाळली. खरं काम पुढचं. १६७७ च्या आरमाराच्या रसद-करारात दर माणशी रोज एक पौंड बिस्किट, एक गॅलन बिअर. आठवड्यात चार दिवस मांस, उरलेले तीन दिवस मासे, लोणी, चीज. त्याच वर्षी लेफ्टनंट होण्यासाठी परीक्षा आली, आणि त्याआधी किमान तीन वर्षं समुद्रावर. नुसता वशिला पुरेनासा झाला.

कागदपत्रं आणि डायरी केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आहेत: तीन हजार पुस्तकं, बारा कपाटं, क्रम उंचीप्रमाणे. पुस्तकं कमी-जास्त झाली तर सगळा संग्रह ट्रिनिटी कॉलेजला, अशी मृत्युपत्रातली अट. ग्रंथालय थोडा वेळच उघडतं, वेळापत्रक आधी तपासा.