आर्म६४ वर अडकलेली चाचणी

मी सांभाळत असलेली सी भाषेतली एक छोटी युटिलिटी बरीच वर्षे फक्त एएमडी६४ साठी, म्हणजे इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या ६४-बिट प्रोसेसरांसाठी, बिल्ड होत होती. डेबियन या लिनक्स वितरणाच्या १३व्या आवृत्तीत रिस्क-व्ही६४ या प्रोसेसर-प्रकाराला अधिकृत स्थान मिळाल्यावर मी आर्म६४, रिस्क-व्ही६४ आणि एस३९०एक्स (आयबीएमचे मेनफ्रेम) या तिन्ही प्रोसेसर-प्रकारांसाठी पॅकेज बांधायचे ठरवले. हे प्रोसेसर माझ्याकडे नसल्याने सगळी भिस्त क्यूएमयू या सॉफ्टवेअरच्या एम्युलेशनवर, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करण्यावर, होती.

आर्म६४ चे कंपाइलेशन बिनतक्रार पार पडले, पण चाचण्या संपेनात. एम्युलेशन संथच असते, अशी स्वतःची समजूत घालून मी झोपलो. सकाळी पाहतो तर पहिलीच चाचणी चालू होती. दोष कमांड लाइनवरचे पर्याय वाचणाऱ्या लूपमध्ये निघाला. पर्याय संपले की गेटऑप्ट हे फंक्शन उणे १ परत देते आणि ती किंमत मी आळसाने इंट या पूर्णांक प्रकाराऐवजी कॅरॅक्टर या एका बाइटच्या प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवली होती. कॅरॅक्टर चिन्हासहित (उणे किमतीही धरणारा) असावा की चिन्हरहित, हे सी भाषेचे मानक कंपाइलरवर सोपवते. एएमडी६४ वर तो चिन्हासहित असतो. आर्मवरच्या लिनक्समध्ये चिन्हरहित, म्हणजे ० ते २५५. तिथे उणे १ चे २५५ होतात आणि लूप कधीच थांबत नाही. याचे मूळ जुन्या आर्म प्रोसेसरांत आहे: बाइट वाचण्याची त्यांची सूचना वरचे बिट शून्याने भरत असे आणि चिन्ह जपणारी सूचना आर्मच्या चौथ्या आवृत्तीत आली.

गंमत म्हणजे एका मित्राने हीच युटिलिटी त्याच्या एम१ मॅकवर चालवून 'आर्मवर चालते' असा निर्वाळा दिला होता. तो खोटे बोलत नव्हता. एम१ हाही आर्मच, पण ॲपलने आपल्या आर्मवर कॅरॅक्टर चिन्हासहितच ठेवला आहे. जीसीसी या कंपाइलरला तसा पर्याय देऊन मलाही वेळ मारून नेता आली असती, पण चूक माझ्या कोडमध्ये होती, म्हणून तिथे इंट केले. रिस्क-व्ही६४ वरही कॅरॅक्टर चिन्हरहितच असल्याने तिथले काम त्यातच उरकले.

एस३९०एक्सने मात्र वेगळाच हिसका दाखवला. तो बिग-एंडियन आहे, म्हणजे संख्येचा सर्वांत मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवतो; माझ्या फाइलमध्ये क्रम उलटा होता आणि मी तिच्यातली चार बाइटची लांबी जशीच्या तशी मेमरीत उचलत होतो, त्यामुळे १ ही लांबी तिथे १,६७,७७,२१६ म्हणून वाचली जाई. आता ते चार बाइट मी एकेक करून शिफ्ट करून जोडतो.

एम्युलेशनमधल्या प्रत्येक चाचणीला आता दहा मिनिटांची मुदत आहे. त्यापुढे ती मारली जाते.