पंचायत गेली, परिषद अजून यायचीय

इंदूरच्या बायपासपलीकडे आणि राऊच्या पुढे आपली बरीच मराठी मंडळी राहायला गेली आहेत. तिथल्या रहवासी संघांच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एकदा नगर परिषद होऊ दे, मग बघा." नळ, ड्रेनेज, दिवे, रस्ते सगळं त्या "मग"च्या खात्यात टाकलेलं असतं. पण गावाचं शहर झालं असं जाहीर करणं हे या प्रकरणातलं सगळ्यात सोपं काम आहे. अवघड काम त्याआधी नकाशात असतं आणि त्यानंतर दप्तरात. लोक गाफील राहतात ते नेमके या दोन ठिकाणी.

आधी हे ठरवा की मागणी कशाची आहे. शहराच्या कडेच्या गावापुढे दोन वाटा असतात: मोठ्या महापालिकेत सामील होणं किंवा स्वतःची नगर परिषद मागणं. २०१४ मध्ये निपानिया, कनाडिया, बिचोली हप्सी यांच्यासह २९ गावं इंदूर नगर निगममध्ये आली आणि वॉर्ड ६९ वरून ८५ झाले. अशा गावाला मोठ्या तिजोरीचा आणि तयार यंत्रणेचा आधार मिळतो, पण ८५ जणांच्या सभागृहात त्याचा आवाज एखाद्या नगरसेवकापुरता उरतो. उलट राऊ ही स्वतंत्र नगर परिषद आहे. तिथे अध्यक्ष गावातला, निर्णय गावातले, आणि तिजोरीतला खडखडाटही गावाचाच. आमचं मत विचाराल तर ज्या गावाची वस्ती शहराला पूर्ण चिकटली आहे आणि ज्याला नर्मदेच्या पाण्यावाचून पर्याय नाही, त्याने स्वतंत्र परिषदेचा हट्ट धरू नये. जलूदहून येणाऱ्या पाण्याची वाटणी छोट्या परिषदेच्या हातात नसते. शहर आणि गावाच्या मध्ये शेती असेल, स्वतःचा बाजार असेल, आजूबाजूची पाच-सात गावं कामासाठी तिथे येत असतील, तर मात्र स्वतंत्र परिषदेला अर्थ आहे.

कायद्याची चौकट थोडक्यात अशी. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने (लागू १ जून १९९३) अनुच्छेद २४३-क्यू आणला. त्यात तीन पायऱ्या आहेत: गावातून शहराकडे सरकणाऱ्या भागासाठी नगर पंचायत, छोट्या शहरासाठी नगरपालिका आणि मोठ्यासाठी महापालिका. मध्य प्रदेशात पहिल्या पायरीला आता नगर परिषद म्हणतात. पहिल्या दोन पायऱ्यांचा कारभार १९६१ च्या नगरपालिका अधिनियमाखाली चालतो, तिसरीचा १९५६ च्या नगरपालिक निगम अधिनियमाखाली. राज्यपालांनी पाहायच्या गोष्टी घटनेतच दिल्या आहेत: लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक कारभारासाठी मिळणारा महसूल, शेतीबाहेरच्या रोजगाराचं प्रमाण आणि आर्थिक महत्त्व. मागणीचं निवेदन लिहिताना या पाचही मुद्द्यांवर गावाचे आकडे द्या. "आमच्या गावाचा विकास खुंटला आहे" हे वाक्य प्रत्येक निवेदनात असतं, ते कोणी वाचत नाही.

दोन अपवाद माहीत हवेत. झाबुआ, अलीराजपूरसारख्या अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रांना घटनेचा हा भाग आपोआप लागू होत नाही. आणि महूच्या छावणी भागात राज्याचा नगरपालिका कायदा नाही, २००६ चा कँटोन्मेंट कायदा चालतो. शेजारच्या महूगावची नगर परिषद मात्र राज्याची. त्यामुळे तिथे अर्ज घेऊन जाताना आपलं घर नक्की कुठल्या हद्दीत आहे हे आधी पाहावं लागतं.

आता प्रक्रिया. प्रस्ताव बहुधा जिल्हाधिकाऱ्यांकडून जातो, सोबत ग्रामसभेचे ठराव, नकाशा आणि लोकसंख्येचा तक्ता. शासन आधी आपला हेतू राजपत्रात जाहीर करतं, हरकती मागवतं आणि मग अंतिम अधिसूचना काढतं. यातला हरकतींचा टप्पा सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात वाया गेलेला. कल्याण-उल्हासनगरच्या प्रकरणात (सुंदरजास कन्यालाल भतिजा, १९८९) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हद्द ठरवणं हे कायदा करण्यासारखं काम आहे, म्हणून कायद्यात लिहिलंय त्यापलीकडे प्रत्येकाला सुनावणी मिळेल असं धरून चालू नये. म्हणजे जे म्हणायचं ते मुदतीत, लेखी आणि नेमकं म्हणायला हवं. "आमचा विरोध आहे" या हरकतीला उत्तरही तेवढंच येतं: "अमान्य".

नेमकं म्हणजे काय? अधिसूचनेला जोडलेली अनुसूची उघडा. तिथे गावाचं नाव, पटवारी हलका (एका तलाठ्याचा भाग) क्रमांक, कधी खसरे (जमिनीचे सर्व्हे क्रमांक) आणि चारी दिशांच्या सीमा दिलेल्या असतात. पटवारी नकाशाची प्रत शेजारी ठेवून सीमेवरचा एकेक खसरा पेन्सिलीने तपासत जा. सापडणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. नाल्याला सीमा धरलंय, पण नाल्याने पात्र बदललंय. रस्त्याची मधली रेघ सीमा झाली आहे, त्यामुळे अर्धा रस्ता परिषदेचा आणि अर्धा पंचायतीचा, आणि खड्डा कोणाचाच नाही. एखादा मजरा, म्हणजे वाडी, मूळ गावापासून तुटून बाहेर राहिला आहे. नाहीतर मधलेच काही खसरे यादीत सुटले आहेत आणि शहराच्या पोटात गावाचं एक बेट तयार झालं आहे. अशा बेटातल्या घराला बांधकाम परवानगी कुणी द्यायची हे पुढे कित्येक महिने ठरत नाही. हरकतीत खसरा क्रमांक आणि सुचवलेली दुरुस्ती लिहा, सोबत नकाशावर लाल रेघ मारून जोडा. असा कागद बाजूला सारणं अधिकाऱ्यालाही जड जातं.

मुहूर्ताचाही एक मुद्दा आहे. जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा गोठवल्या जातात. २०२७ च्या जनगणनेसाठी १ जानेवारी २०२६ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत हद्दी बदलायच्या नाहीत असं ठरलेलं आहे. या काळात कोणी "पुढच्या महिन्यात परिषद" असं आश्वासन देत असेल तर हसून सोडून द्या. नकाशा, तक्ते आणि मालमत्तेची यादी तयार करायला मात्र हाच काळ उत्तम.

अंतिम अधिसूचना लागू झाली की ग्रामपंचायत संपते. सरपंचाची सही चालत नाही. कारभार प्रशासकाकडे जातो, तो बहुधा एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) किंवा तहसीलदार असतो आणि त्याच्याकडे आधीच त्याची स्वतःची कामं असतात. घटनेतली सहा महिन्यांची मुदत बरखास्त झालेल्या परिषदेच्या निवडणुकीसाठी आहे. अगदी नव्या परिषदेची पहिली निवडणूक कधी घ्यायची हे घटनेत लिहिलेलं नाही. त्यामुळे हा मधला काळ लांबतो. याच काळात गावाची सगळ्यात जास्त हानी होते, तीही कोणी मुद्दाम न करता.

कारण चार्ज नीट दिला-घेतला जात नाही. पंचायतीच्या नावावर काय काय असतं ते पाहा: भवन, विहिरी, बोअर आणि त्यांच्या मोटारी, पाण्याची टाकी, दिव्यांचे खांब, हाटाची जागा, दुकानांचे गाळे आणि त्यांची अनामत, स्मशानभूमी, ट्रॅक्टर, टँकर. शिवाय चरनोई (गायरान) आणि आबादीच्या (गावठाणाच्या) जमिनी, पण त्या शासनाच्या असतात आणि पंचायत फक्त सांभाळत असते. प्रत्येकाला खसरा किंवा मीटर क्रमांक, ताब्याचा कागद आणि फोटो जोडून यादी करावी आणि ती शेवटच्या ग्रामसभेत वाचून ठरावात घ्यावी. बोअरच्या वीजजोडणीचं नाव बदलायचं राहिलं की बिल पंचायतीच्या नावाने येत राहतं, भरायला कोणी नसतं आणि ऐन एप्रिलमध्ये जोडणी कापली जाते. अर्धवट कामांची मेजरमेंट बुकं (मोजमापाच्या वह्या) आणि ठेकेदारांची देणीही याच यादीत हवीत. नाहीतर दोन वर्षांनी एखादा ठेकेदार जुनं बिल घेऊन परिषदेत उभा राहतो आणि खरं-खोटं करायला कागद नसतो.

कर्मचाऱ्यांचं संविलियन, म्हणजे पंचायतीच्या माणसांना परिषदेच्या सेवेत घेणं, हा आणखी नाजूक मामला. पंचायतीत नळ सोडणारा, झाडणारा, चौकीदार असे लोक तोंडी शब्दावर वर्षानुवर्षं काम करतात. परिषद होणार म्हटल्यावर त्यांच्याबरोबर भलतीच नावं मागच्या तारखेच्या ठरावांत घुसतात. त्यावर उपाय एकच, तोही हद्दीची चर्चा सुरू होण्याआधी करायचा: हजेरीपट आणि मानधन वाटपाच्या नोंदींच्या प्रमाणित प्रती काढून ठेवा. खऱ्या सफाई कामगाराचाही हक्क त्यातूनच शाबूत राहतो.

मग पैसा. ग्रामीण योजनांचा ओघ थांबतो. रोजगार हमीचं काम बंद होतं आणि घरकुल ग्रामीण यादीतून शहरी यादीत न्यावं लागतं. गावातल्या गरिबाला परिषद म्हणजे आधी हे नुकसान दिसतं, आणि त्याचा विरोध अडाणीपणाचा नसतो. बदल्यात परिषदेला संपत्तीकर, पाणीपट्टी, परवाना शुल्क, वित्त आयोगाचं अनुदान आणि चुंगी क्षतिपूर्ती मिळते. मध्य प्रदेशात चुंगी, म्हणजे जकात, १९७६ साली गेली. तिच्या बदल्यात शासन दरमहा रक्कम देतं आणि छोट्या परिषदांचे पगार बहुतेक त्यातूनच निघतात. पण थकलेलं वीजबिल या रकमेतून वरच्यावर कापलं जातं. पाण्याचे पंप आणि रस्त्यावरचे दिवे वाढत गेले की कपातही वाढते आणि पगार लटकतात. म्हणून नव्या परिषदेने हायमास्टच्या उद्घाटनाआधी मीटर मोजावेत. परिषदेच्या कामकाजात हा विषय शेवटी येतो, आणि तो पहिला असायला हवा.

वॉर्डांकडे येऊ. राज्यातल्या बहुतेक नगर परिषदांत १५ वॉर्ड असतात. लोकसंख्या शेवटच्या प्रकाशित जनगणनेची, म्हणजे अजून २०११ ची धरतात. त्या वेळी जिथे सोयाबीन होतं तिथे आज चार टाउनशिप आहेत, त्यामुळे कागदावर सारखे असलेले वॉर्ड मतदार यादीत कमालीचे असमान निघतात. आरक्षणाचं गणित उदाहरणाने बघा. समजा गावात अनुसूचित जाती १८ टक्के आणि जमाती ६ टक्के आहेत. १५ च्या १८ टक्के म्हणजे २.७, म्हणून ३ वॉर्ड. १५ च्या ६ टक्के म्हणजे ०.९, म्हणून १. झाले ४. एकूण आरक्षण निम्म्यावर जाता कामा नये, म्हणजे कमाल ७. तेव्हा इतर मागासवर्गासाठी जास्तीत जास्त ३ उरतात, तेही सर्वोच्च न्यायालयाची तिहेरी चाचणी (आयोगाकडून मागासलेपणाची चौकशी, त्यानुसार आरक्षणाचं प्रमाण आणि एकूण निम्म्याची मर्यादा) पार केल्यावर. ही चाचणी नेमकी कशी लावायची यावरून मध्य प्रदेशातल्या २०२२ च्या निवडणुका अडल्या होत्या आणि त्या वर्षी मे महिन्यात न्यायालयाच्या आदेशाने मोकळ्या झाल्या. महिलांचं ५० टक्के आरक्षण या सगळ्या गटांतून आडवं जातं, ते वरच्या बेरजेत धरायचं नाही. अनुसूचित जाती-जमातींचे वॉर्ड त्यांची वस्ती दाट असेल तिथे पडतात, बाकीच्यांची सोडत निघते. सोडतीला जाऊन बसा, ती सगळ्यांसमोर निघते. आणि मतदार यादीचं प्रारूप लागलं की आपलं नाव शोधण्यावर थांबू नका. आपली सगळी गल्ली एकाच वॉर्डात आहे का ते बघा. विधानसभेच्या यादीचे तुकडे करून वॉर्डाची यादी बनते आणि एका घरातली माणसं दोन वॉर्डांत जातात ती तिथेच.

निवडणूक झाली की पहिल्या सभेची तारीख लिहून ठेवा, पाच वर्षांची मुदत त्या दिवसापासून मोजतात. रोजचा कारभार मुख्य नगरपालिका अधिकारी, म्हणजे सीएमओ चालवतो आणि धोरणाचे निर्णय प्रेसिडेंट-इन-कौन्सिलकडे (अध्यक्ष आणि काही नगरसेवकांची समिती) व परिषदेकडे असतात. सीएमओ राज्याच्या सेवेतला, आज इथे तर उद्या तिथे. म्हणून जे ठरेल ते ठरावात असलं पाहिजे, तोंडी नको. पहिल्या वर्षी करांचे दर झोन आणि बांधकामाच्या प्रकाराप्रमाणे १ एप्रिलच्या आत ठरले नाहीत तर अख्ख्या वर्षाची वसुली हातची जाते. जुन्या परिषदेला निदान मागचे दर असतात, नवीला तेही नाहीत. निवडून आलेल्यांना पहिल्याच वर्षी कर लावायचा नसतो हे समजण्यासारखं आहे. पण १५ व्या वित्त आयोगाने (२०२१-२६) शहरी अनुदानाला संपत्तीकराचे किमान दर आणि ऑनलाइन टाकलेले हिशेब या अटी जोडल्या होत्या. कर न लावून मिळवलेली लोकप्रियता अशी अनुदानात कापली जाते.

राहता राहिल्या कॉलन्या, ज्यांच्यामुळे हा सगळा खटाटोप सुरू होतो. परिषद झाली म्हणून बिल्डरची कॉलनी आपोआप परिषदेची होत नाही. हस्तांतरण वेगळं होतं आणि त्याआधी विकासकामं पूर्ण झाल्याचा दाखला लागतो. रस्ते, ड्रेनेज पूर्ण करण्याची हमी म्हणून कॉलनायझरने काही भूखंड बंधक (गहाण) ठेवलेले असतात. पंचायतीतून परिषदेकडे दप्तर जाताना ही बंधकपत्रं गहाळ झाली, किंवा प्रशासकाच्या काळात भूखंड मोकळे झाले, की ड्रेनेजचा खर्च रहिवाशांच्या माथी येतो. तेव्हा रहवासी संघाने आजच नगर तथा ग्राम निवेशच्या (राज्याच्या नगररचना विभागाच्या) मंजूर नकाशाची, विकास परवानगीची आणि बंधक भूखंडांच्या यादीची प्रमाणित प्रत मागावी. अर्जाची पोच घ्यावी आणि तिची एक प्रत प्रशासकाच्या कार्यालयात आवक करून ठेवावी. सोबतच्या पत्रात भूखंडांचे क्रमांक लिहून "दाखल्याशिवाय मोकळे करू नयेत" अशी विनंती असावी.